धरणाखालची बाग

वाशिम जिल्ह्यातल्या शाळांची सहल कुठे जाणार, हे पूर्वी फारसं विचारावं लागत नसे. शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते. त्या गाडीतून दोन-तीन दिवसांत जेवढा मुलूख पाहून होईल तेवढा पाहायचा: वेरूळ, देवगिरीचा किल्ला, बिबी का मकबरा, पाणचक्की आणि शेवटच्या दिवशी पैठण. पैठणला आधी संत एकनाथांच्या, म्हणजे नाथांच्या, समाधीचं दर्शन, मग जायकवाडीचं धरण, आणि दिवेलागण झाली की धरणाच्या पायथ्याच्या संत ज्ञानेश्वर उद्यानातली रंगीत कारंजी. पहाटे गाडी रिसोडला किंवा मंगरूळपीरला परत लागायची, तेव्हा डोळ्यांवर झोप घेऊन उतरणारी मुलं कारंज्यांबद्दलच बोलत असायची. लेण्यांची माहिती गुरुजी सांगत, कारंज्यांची माहिती मुलं घरी जाऊन आईला सांगत.

या सहलींना मी आधी विद्यार्थी म्हणून गेलो आणि पुढे शिक्षक म्हणून मुलांना घेऊन गेलो. त्यामुळे ही बाग मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. यंदा माघात पैठणला गेलो तो मुख्यतः तिच्यासाठी. तिची अवस्था कानावर आली होती. डोळ्यांनी पाहावी, असं बरेच दिवस मनात होतं.

आमच्या वेळी वाट लांबची होती. रिसोडहून लोणार, लोणारहून मंठा, मंठ्याहून जालना. गाडी लाल, रस्ता खड्ड्यांचा, आणि डब्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. आता शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की जालना केव्हा आलं ते कळत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमचा जिल्हा एकाएकी सगळ्यांच्या वाटेवर आला. आला म्हणजे काय, तर लोक आता तो ओलांडून जातात. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिमही होता. सोयाबीन आणि तुरीवर जगणारा हा जिल्हा. फेब्रुवारी सरला की इथल्या माळांवर हिरवं दिसतं ते फक्त विहिरीच्या काठाला. अशा मुलखातल्या मुलाला शेकडो एकरांची हिरवळ पहिल्यांदा दिसते तेव्हा त्याला काय वाटतं, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही.

जालन्याहून अंबड, अंबडहून पाचोड आणि तिथून पैठण. हा मोसंबीचा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गडद हिरव्या गोल झाडांच्या ओळी, आणि मध्येच एखादं ओसाड वावर. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडांना पाणी घातलं, ते परवडेना तेव्हा पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडं तोडून सरपणाला दिली. ज्ञानेश्वर उद्यानाची गोष्ट सांगताना या बागा विसरून चालत नाही. ज्या प्रदेशात शेतकऱ्याची मोसंबी वाळते, तिथे सरकारी फुलबागेला पाणी कोणत्या तोंडाने मागायचं, हा प्रश्न त्या गोष्टीच्या पोटात आहे.

पैठण जवळ आलं की आधी धरणाची भिंत दिसते. ती भिंत वाटतच नाही, कोणीतरी क्षितिजावर मातीचा बांध ओढून ठेवल्यासारखं दिसतं. लांबी दहा किलोमीटरच्या आसपास, मधल्या सांडव्याला २७ दरवाजे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. मूळ आराखड्यात धरण खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. मराठवाड्याला गोदावरीचं पाणी मिळावं म्हणून शंकरराव चव्हाणांनी या प्रकल्पाचा पाठपुरावा केला, तो किती चिवट होता हे जुनी माणसं अजून सांगतात. जलाशयाला नाथसागर म्हणतात. १०२ टीएमसी त्याची क्षमता. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर. या पाण्यासाठी शंभरावर गावं उठली, हेही याच ओळीत लिहायला हवं.

धरण झालं की त्याच्या पायथ्याला बाग करायची, ही त्या काळातली रीत होती. कोयनानगरला नेहरू स्मृती उद्यान झालं ते असंच. या सगळ्या बागांचा आदर्श म्हैसूरजवळचं वृंदावन. कावेरीवर कृष्णराजसागर बांधून होत असताना, १९२७ ते १९३२ या काळात, दिवाण मिर्झा इस्माईल यांनी ते घडवून घेतलं. त्यांच्या डोळ्यांपुढे काश्मीरची शालिमार बाग होती: उतारावरचे टप्पे, मधोमध पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना कारंजी आणि मापात कातरलेली झाडं. पैठणचं उद्यान या वृंदावनाच्या धर्तीवर आखलं गेलं. पण मला नेहमी वाटतं की एवढ्या लांब जायची गरज नव्हती. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, पूर्वीच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकातला बिबी का मकबरा आहे. त्याची चारबाग आहे, हौद आहेत. खापराच्या नळांतून डोंगरातलं पाणी केवळ उताराच्या जोरावर शहरात आणून पाणचक्की फिरवणारी नहर आहे. उंचावरचं पाणी खाली आणून त्याला नाचवायची विद्या मराठवाड्याला परकी नव्हती. धरणामुळे तिला एक मोठं अंगण मिळालं, इतकंच.

अंगण खरंच मोठं. सव्वाशे हेक्टरांच्या आसपास, म्हणजे तीनशेवर एकर. नाव ज्ञानेश्वरांचं, कारण त्यांचं आपेगाव इथून जवळ आणि रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा पैठणच्या नागघाटावरची. आम्ही मुलांना घेऊन यायचो तेव्हा दारातून आत शिरताच दोन्ही बाजूंना बॉटल पामच्या पांढऱ्या खोडांची रांग लागायची. पुढे हिरवळीचे तुकडे, त्यांना मेंदीचं कातरलेलं कुंपण, कर्दळीचे लाल-पिवळे वाफे, गुलाबाचा वेगळा भाग, बोगनवेलींच्या कमानी, बाजूला फळझाडं. झोके, घसरगुंड्या. पाट्या वाचत चालणारी थोडी मुलं असायची आणि हिरवळीवर कोलांट्या मारणारी पुष्कळ. मी पाट्या वाचणाऱ्यांच्या बाजूचा. निळा गुलमोहोर म्हणजे जॅकरांडा, तो दक्षिण अमेरिकेतला. गुलमोहोर मादागास्करचा. बोगनवेल ब्राझीलची. परसातल्या ओळखीच्या झाडांनी एवढा प्रवास केला आहे, हे मुलांना तिथे उभं राहून सांगता येत असे. वर्गात हे सांगितलं तर कोणी लक्ष देत नाही. फुलांखाली उभं राहून सांगितलं तर मुलं वर बघतात.

आणि मग कारंजी. संगीतावर नाचणाऱ्या कारंज्यांचं तंत्र तसं साधं असतं. पंप पाण्याला दाब देतो. प्रत्येक नळीच्या तोंडाशी विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह असतो. गाण्यातले जाड सूर आणि बारीक सूर यंत्र वेगळे करतं आणि त्यांच्या चढउताराप्रमाणे व्हॉल्व्ह आणि पाण्याखालचे रंगीत दिवे यांना इशारा जातो. तबला वाजला की एक रांग उसळते, बासरी लांबली की दुसरी वर चढते. आमच्या जिल्ह्यात ज्या वस्तीवर वीज रात्रीच यायची आणि पाण्यासाठी हंडे घेऊन मैलभर जावं लागायचं, तिथली मुलगी हे पाहताना काय पाहत असेल? मी अशा मुलींचे चेहरे पाहिले आहेत. पाणी हे केवळ भरून ठेवायचं आणि पुरवून वापरायचं नसतं, ते नुसतं सुंदरही असतं, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा कळत होतं. कोणी या कारंज्यांना उधळपट्टी म्हटलं की मला त्या मुली आठवतात. ते पाणी फिरून फिरून त्याच हौदात पडतं, हेही सांगावंसं वाटतं.

यंदा दारातून आत गेलो तेव्हा पाम होते. एकदा वाढले की ते माणसाची वाट पाहत नाहीत. काही मात्र नुसती खोडं उरली होती, शेंडे गळून गेलेले. हिरवळीच्या जागी गाजरगवत कंबरेएवढं. मेंदीचं कुंपण कातरणीविना वाढून डोक्याच्या वर गेलेलं आणि खालून पोकळ. घाणेरी आणि सुबाभूळ वाफ्यांत शिरलेली. कारंज्यांच्या हौदात तळाला पाला, पत्रावळी, प्लॅस्टिकच्या पिशव्या. नळ्यांच्या तोंडांवर पांढरा क्षार साचलेला. खेळण्यांचे लोखंडी सांगाडे गंजून उभे. गुलाबाचा भाग कुठला, हे मला फक्त वाटेच्या वळणावरून ओळखता आलं.

एका चिंचेखाली म्हातारासा माणूस खुरपं घेऊन बसला होता. उमेदीची सगळी वर्षं याच बागेत रोजंदारीवर गेलेली. मी त्यांना मामा म्हटलं, ते मला मास्तर म्हणू लागले.

“पाणी तर उशालाच हाय मास्तर,” भिंतीकडे खुरपं दाखवत ते म्हणाले, “पर हात ऱ्हायले न्हाईत. आमच्या टायमाला एकेका वाफ्यावर मानूस व्हता. जो म्हातारा झाला तो घरी गेला, त्याच्या जागी दुसरा आला न्हाई.”

मी विचारलं, पूर आला होता ना? त्यांनी मान हलवली. “पूर आला तवा बाग बुडाली, खरं हाय. पर पुरानं गाळ टाकला व्हता मास्तर. गाळात झाड चांगलं येतं. लावनारा पायजे.”

बाग का गेली याची कारणं मी नंतर पुष्कळांना विचारली, पण मामांच्या उत्तराच्या पुढे फारसं काही हाती लागलं नाही. तरी इतर कारणं खोटी नाहीत. ऑगस्ट २००६मध्ये गोदावरीला महापूर आला, धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि पैठण शहरात पाणी शिरलं. धरणाच्या अगदी पायथ्याची जागा अशा वेळी कशी वाचणार? त्यानंतर उलट टोक. २०१२-१३मध्ये आणि पुन्हा २०१५-१६मध्ये नाथसागराचा उपयुक्त साठा संपला आणि शहरांची तहान मृतसाठ्यातून भागवावी लागली. छत्रपती संभाजीनगर, जालना, तिथल्या औद्योगिक वसाहती, कालव्यावरची शेती असे सगळे एकाच जलाशयाकडे डोळे लावून बसलेले. वर नाशिक-नगरच्या धरणांशी वाद. समन्यायी वाटपाच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी उपयुक्त पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडावं लागतं, आणि दर टंचाईच्या वर्षी त्यावरून आंदोलनं होतात, कोर्टकज्जे होतात. या रांगेत फुलबागेचा नंबर शेवटचा. तो शेवटचाच असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पिण्याच्या पाण्याआधी गुलाब, असं कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही.

पण दुष्काळाची वर्षं संपतात. त्यानंतर नाथसागर अनेकदा काठोकाठ भरला, सत्तावीसही दरवाजे उघडावे लागले. पाणी परत आलं, बाग आली नाही. म्हणून मी दोष पाण्याला देत नाही. धरण बांधणारं खातं हे बांधकामाचं खातं असतं. त्याच्याकडे अभियंते असतात, कंत्राटदार असतात, निविदा काढण्याची पद्धत असते. बागेचं काम मात्र कधी पूर्ण होत नाही, त्यामुळे पूर्णत्वाचा दाखला देऊन फाईल बंद करता येत नाही. आजचं तण आज, उद्याचं उद्या. माळ्याची जागा एकदा रिकामी राहिली की एका पावसाळ्यात गाजरगवत ती भरून काढतं. बाग चालवायला दिली, परत घेतली, पुन्हा घोषणा झाल्या. वेगवेगळ्या सरकारांनी कोट्यवधींच्या पुनरुज्जीवनाची आश्वासनं दिली. या सगळ्यात नव्या कारंज्यांची, नव्या दिव्यांची चर्चा ऐकू येते. माळ्यांच्या भरतीची चर्चा माझ्या कानावर आलेली नाही.

हातांचं मोल काय असतं, ते आमच्या भागाने दुसरीकडे पाहिलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला शेगावच्या गजानन महाराज संस्थानने आनंदसागर उभारलं आणि वाशिम, अकोला, बुलढाण्याच्या सहलींचं तोंड एकदम तिकडे वळलं. पैठण मागे पडलं त्यात शेगावचाही वाटा आहे. शेगाव जवळ, महाराजांचं दर्शन होतं आणि बाग पाहून माणूस थक्क होतो. मोठा तलाव, त्यातल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारं ध्यानमंदिर, झुकझुक आगगाडी, संतांचे पुतळे, मत्स्यालय आणि रखरखीत बरड जमिनीवर वाढवलेली हजारो झाडं. संस्थानचा कारभार पाहणाऱ्या शिवशंकरभाऊ पाटलांच्या शिस्तीखाली सेवाधारी ही सगळी राखण करत. कागदाचा कपटा जमिनीवर पडला तर तो उचलणारा माणूस पाच पावलांवर असे. शेगाव तर पाण्याला पैठणपेक्षा कितीतरी गरीब, तरी तिथे ते फुललं. पुढे तेही अनेक वर्षं पर्यटकांना बंद राहिलं. शिवशंकरभाऊ २०२१च्या ऑगस्टमध्ये गेले. आनंदसागर बंद होतं त्या काळात आमच्या शाळांना प्रश्न पडला, मुलांना न्यायचं कुठे? पैठण ओसाड, शेगावला कुलूप. ज्यांची ऐपत होती ते खोपोलीच्या इमॅजिकाला गेले. तिथलं एका मुलाचं तिकीट म्हणजे शेतमजुराच्या घरातली काही दिवसांची कमाई. बाकीची मुलं घरी राहिली.

मला सगळ्यात जास्त हेच लागतं. ज्ञानेश्वर उद्यान ही श्रीमंतांची जागा कधीच नव्हती. थोडक्या पैशांत कोणालाही आत जाता येई. नवीन लग्न झालेली जोडपी येत, नाथषष्ठीच्या वारीला आलेले वारकरी धोतराचा सोगा सावरत कारंज्यांपुढे बसत, ऊसतोडीहून परतणारी कुटुंबं थांबत. मानोरा तालुक्यातल्या तांड्यावरची मुलं आणि शहरातल्या इंग्रजी शाळेतली मुलं एकाच हिरवळीवर डबा खात. अशा जागा आपल्याकडे किती उरल्या आहेत? जुन्या धाटणीची बाग म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारे आहेत. कातरलेली मेंदी, रंगीत दिव्यांतली कारंजी, सिमेंटचे बाक, हे सगळं कालबाह्य झालं, असं ते म्हणतात. मला ते पटत नाही. म्हैसूरचं वृंदावन तर याहून जुनं, आणि तिथे आजही माणसांची रीघ लागते. बाग जुनी असल्याने मरत नाही.

संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर गेलो. पलीकडे नाथसागरावर पक्षी उतरत होते. १९८६पासून हे पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात उत्तरेकडची बदकं, करकोचे, काही वर्षी रोहितही येतात. एका बाजूला हा जिवंत पसारा आणि दुसऱ्या बाजूला, खाली, ती बाग. वरून पाहिलं तर आखणी अजून शाबूत दिसते. वाटा जिथल्या तिथे आहेत, पाट आहेत, टप्पे आहेत, मोठी झाडं आहेत. पन्नास वर्षांची झाडं हे असं भांडवल आहे की ते कुठल्याही निविदेतून विकत मिळत नाही. नव्याने काही उभारायचं नाहीच. आहे ते स्वच्छ करून रोज राखायचं आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या बागेसाठी पुढे जो काही निधी येईल, त्यातला पहिला रुपया माळ्यांच्या पगारावर खर्च व्हावा, कारंजी नंतर. पैठण आणि आजूबाजूच्या गावांत या कामातली जाणती माणसं अजून हयात आहेत. ती आहेत तोवर त्यांच्या हाताखाली नवी पोरं कामाला लावावीत, आणि त्यांना कायम करावं.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना एक विनंती. पैठण सहलीच्या यादीतून काढू नका. नाथांचा वाडा आहे, धरण आहे, पक्षी आहेत, पैठणीचे माग आहेत. बागेतही मुलांना घेऊन जा, आहे त्या अवस्थेत दाखवा, मोठी झाडं ओळखायला लावा. परत आल्यावर मुलांकडून निबंध लिहून घेण्याऐवजी जलसंपदा विभागाला एक पत्र लिहून घ्या, आणि त्यात एवढंच विचारा की संत ज्ञानेश्वर उद्यानात या वर्षी किती माळी आहेत.